जुन्या मोटारसायकलचा उजेड नेमका कुठे गळतो

जुन्या मोटारसायकलचा दिवा बिघडला की बहुतेक जण न लागणाऱ्या दिव्याकडेच पाहतात. आधी बल्ब बदलला जातो, मग होल्डर, आणि तरीही उजेड पडला नाही तर कोणीतरी अख्खे वायरिंग किट बदलण्याचा सल्ला देतो. माझे मत असे आहे की पंचवीस-तीस वर्षे वापरलेल्या गाडीत बल्बाचा संशय सर्वांत आधी फिटवून टाकावा, कारण त्याची तार तुटली आहे की नाही हे काढून पाहिल्यावर मिनिटभरात कळते. खरा दोष बहुधा वाटेत असतो, म्हणजे वीज जिथे तयार होते तिथून बल्बापर्यंत येण्याच्या वाटेवर, किंवा बल्बातून मूळ जागी परत जाण्याच्या वाटेवर. ही दुसरी, परतीची वाट तपासण्याचा कंटाळा फार जणांना असतो आणि त्यामुळेच निम्म्याहून अधिक वेळ वाया जातो, असे मी आजवर पाहत आलो आहे.

माझ्याकडे नव्वदच्या दशकातील यामाहा आरएक्स १०० आहे. ही गाडी भारतात १९८५ मध्ये आली आणि १९९६ मध्ये तिचे उत्पादन थांबले, त्यामुळे त्यांतली सर्वांत तरुण गाडीही आता तिशीच्या घरात आहे. कोल्हापुरात या गाडीवर जीव टाकणारे लोक पेठापेठांतून भेटतात. इंजिन, सायलेन्सर आणि रंग यांवर ते हौसेने खर्च करतात, परंतु टाकीखालून गेलेल्या वायरिंगकडे मात्र रात्री पन्हाळ्याच्या घाटात उजेड मिणमिणेपर्यंत कोणी पाहत नाही. १ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचे हेडलाइट इंजिन चालू असताना सतत पेटलेले असतात, म्हणून त्यांतला बिघाड दिवसाही लक्षात येतो. जुन्या गाडीत बटण असते, आणि त्यामुळे दोष उघड होतो तो नेमका दिवेलागणीनंतर, गॅरेज बंद झाल्यावर.

कोणत्याही साधनाला हात लावण्यापूर्वी एक प्रश्न सोडवावा लागतो: हा दिवा बॅटरीवर चालतो की थेट मॅग्नेटवर, म्हणजे इंजिनबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या चुंबकावर? आरएक्ससारख्या, तसेच हिरो होंडाच्या जुन्या स्प्लेंडरसारख्या गाड्यांत हेडलाइट मॅग्नेटमधल्या लाइट कॉइलच्या एसी विजेवर चालतो, आणि हॉर्न, इंडिकेटर व ब्रेकलाइट बॅटरीच्या डीसी विजेवर चालतात. याउलट म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीच्या जुन्या येझदीत ६ व्होल्टचा डायनॅमो असून दिवे तर सोडाच, प्रज्वलनही बॅटरीच्या आधारावर चालते. आपली गाडी कोणत्या घराण्यातली हे ओळखण्यासाठी पुस्तक लागत नाही. इंजिन बंद ठेवून चावी फिरवावी आणि प्रत्येक दिवा लावून पाहावा. जो इंजिन बंद असतानाही लागतो तो बॅटरीवरचा. जो इंजिन चालू झाल्यावरच लागतो आणि रेस वाढवली की प्रखर होतो तो मॅग्नेटवरचा. मात्र गाडी जुनी असेल तर मधल्या काळात कोणी वायरिंगमध्ये फेरफार केलेला असू शकतो, आणि आजकाल हेडलाइट डीसीवर घेण्याची हौस वाढली आहे, त्यामुळे कंपनीने काय दिले होते यापेक्षा आज गाडीत काय आहे हेच प्रमाण मानावे.

हा प्रश्न न सोडवता केलेल्या खर्चाची उदाहरणे आमच्या पेठेतल्या कोणत्याही गॅरेजात ऐकायला मिळतात. हेडलाइट मंद झाला म्हणून नवी बॅटरी घेणारे कितीतरी जण असतात, पण मॅग्नेटवर चालणाऱ्या हेडलाइटला बॅटरी नवी की मेलेली याने काही फरक पडत नाही. त्याचप्रमाणे इंडिकेटर मंद असतील आणि हेडलाइट ठणठणीत असेल, तर मॅग्नेट उघडण्याचे प्रथमदर्शनी कारण नाही. बॅटरी, एसीची डीसी करून तिच्याकडे वीज नेणारा रेक्टिफायर आणि फ्यूज एवढ्याच क्षेत्रात शोध घ्यावा. एका प्रश्नाने शोधाचे क्षेत्र निम्मे होते, म्हणून मी त्याला इतके महत्त्व देतो.

मॅग्नेटवरच्या दिव्याचे वागणे थोडे वेगळे असते आणि ते समजून घेतले नाही तर निरोगी गाडीही आजारी वाटते. कॉइलमधून मिळणारा विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, इंजिनच्या फेऱ्यांबरोबर वाढतो, त्यामुळे आयडलिंगला हेडलाइट पिवळसर मंद असणे हा दोष नसून त्या रचनेचा स्वभाव आहे. दोष तेव्हा मानावा, जेव्हा तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये चांगल्या वेगाने जातानाही उजेड वाढत नाही. दुसरा प्रकार याच्या उलट आहे, तो म्हणजे बल्ब वारंवार उडणे. अशा गाडीत जास्तीचा दाब अडवून धरण्याचे काम रेग्युलेटर करतो; तो निकामी झाला किंवा त्याच्या बुडाशी असलेले अर्थिंग, म्हणजे चासीशी (गाडीच्या धातूच्या सांगाड्याशी) असलेला जोड सुटला, की वेगात बल्बाला झेपणार नाही इतका दाब येतो आणि तार जळते. येथे एक धोका असा, की हेडलाइट आणि टेललाइट एकाच कॉइलवर असतील तर हेडलाइटचा बल्ब उडाल्याबरोबर त्याच्या वाट्याची वीज मोकळी होते, दाब आणखी चढतो, आणि पाठोपाठ टेललाइटचा लहान बल्बही जातो. पुढचा दिवा गेलेला चालवणाऱ्याला लगेच कळतो, मागचा कळत नाही. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी भरलेल्या रस्त्यावर मागच्या दिव्याविना जाणे म्हणजे काय, हे या भागातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. म्हणून पुढचा बल्ब बदलला की खाली उतरून मागचा दिवा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा.

आता परतीच्या वाटेकडे वळतो. बहुतेक मोटारसायकलींमध्ये बॅटरीचे ऋण टोक चासीला जोडलेले असते आणि चासी हीच सगळ्या दिव्यांची सामाईक परतीची तार असते. कारखान्यातून गाडी निघाली तेव्हा हे सोयीचे होते. तीस वर्षांत मात्र चासीला दोनदा रंग दिला गेला, पावडर कोटिंग झाले, नटांखाली गंज चढला आणि मडगार्डवरचा टेललाइटचा स्क्रू रंगावरच आवळला गेला. रंग आणि गंज वीज वाहून नेत नाहीत. हेडलाइटची गोष्ट आणखी नाजूक आहे, कारण तो हँडलबरोबर फिरणाऱ्या भागावर बसतो. त्याची अर्थिंगची स्वतंत्र वायर तुटलेली असेल तर वीज स्टिअरिंगच्या ग्रीस भरलेल्या छर्ऱ्यांतून कशीबशी परत जाते, आणि मग हँडल वळवले की उजेड कमी-जास्त होतो. आमच्या भागातले एक वयस्क मिस्त्री, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांच्याकडे एक तरुण दर आठवड्याला त्याच तक्रारीने येत असे. एकदा तो म्हणाला, "मामा, लाइट लैच बारीक झालीया, भारीतला बल्ब टाका की." मामांनी मान वर न करता उत्तर दिले, "आदी अर्थिंग बघ, मग बल्बाच्या वाटंला जा." त्यांनी हेडलाइटच्या बल्बाच्या कडेपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत एक सुटी वायर धरली आणि उजेड तिथल्या तिथे वाढला.

मामांची ही चाचणी मला फार मोलाची वाटते, कारण तिला मीटरही लागत नाही. दिवा चालू ठेवून त्याच्या धातूच्या बुडापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत जाड वायर टेकवावी, आणि मॅग्नेटवरच्या दिव्यासाठी तिचे दुसरे टोक इंजिनच्या स्वच्छ धातूला लावावे. उजेड वाढला तर दोष अर्थिंगचा, नाही वाढला तर येणाऱ्या वाटेचा. अर्थिंग सुटल्याची आणखी एक खूण चमत्कारिक दिसते: ब्रेक दाबला की टेललाइट मंद होतो, किंवा उजवा इंडिकेटर लावला की ब्रेकलाइटही क्षीण लुकलुकतो. एका दिव्याचा दुसऱ्याशी संबंध नसताना असे घडत असेल, तर वायर एकमेकींना चिकटल्या असे लोक समजतात. वस्तुतः विजेला परतीची सरळ वाट मिळत नसल्यामुळे ती शेजारच्या बल्बाच्या तारेतून फिरून घरी जात असते. उपाय स्वस्त आहे. जोडाच्या जागेचा रंग पॉलिश पेपरने खरवडून धातू उघडा करावा, वायरच्या टोकाला नवी लग (धातूचे कडे) दाबून बसवावी, नट आवळावा आणि वरून पेट्रोलियम जेली लावावी. मी माझ्या गाडीत याच्या पुढचे पाऊल म्हणून हेडलाइट आणि टेललाइट यांच्यापासून थेट बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत स्वतंत्र वायर नेल्या आहेत. हे शोभेचे काम नाही आणि कोणाला दिसतही नाही, पण रंगरंगोटीआधी करून घ्यावे असे मी प्रत्येकाला सुचवतो.

मल्टिमीटर घेणाऱ्यांना एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. बहुतेक जण मीटर शिट्टीच्या खुणेवर ठेवतात, वायरच्या दोन्ही टोकांना पिना लावतात आणि शिट्टी वाजली की वायर ठीक असल्याचे जाहीर करतात. ही शिट्टी फसवी आहे. कित्येक साधे मीटर तीस-चाळीस ओहम विरोध असतानाही शिट्टी देतात, आणि ३५ वॉटच्या बल्बाला १२ व्होल्टवर सुमारे ३ अँपिअर वीज लागते. एवढ्या प्रवाहाला वाटेत अवघा अर्धा ओहम विरोध झाला तरी दीड व्होल्टच्या आसपास दाब तिथेच खर्ची पडतो. आतल्या तारांच्या जुडग्यातली एकच तार शाबूत राहिलेली वायर शिट्टी मजेत वाजवते, पण दिवा पेटवू शकत नाही. म्हणून मोजमाप नेहमी दिवा चालू असताना, म्हणजे भार असताना करावे. डीसी दिव्यासाठी मीटर २० व्होल्टच्या डीसी पट्टीवर ठेवून एक पिन बॅटरीच्या धन टोकावर आणि दुसरी बल्बाला वीज देणाऱ्या टोकावर ठेवली, तर जो आकडा दिसतो तो वाटेत गळालेला दाब असतो. तशीच एक मोजणी ऋण टोक आणि बल्बाचे बूड यांच्यामध्ये करावी. दोन-तीन दशांश व्होल्ट चालून जातात. अर्धा व्होल्ट किंवा अधिक असेल तर पिन एकेका कपलरवर (वायर जोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या जोडावर) सरकवत जावे, आणि जिथे आकडा एकदम उडी मारतो तो जोड उघडावा.

एवढ्याशा व्होल्टची इतकी चिंता कशाला, असे विचारले जाते. तारेच्या बल्बाचा उजेड दाबाच्या प्रमाणात सरळ घटत नाही, तर त्याहून फार वेगाने घटतो: दाब दहा टक्क्यांनी कमी झाला तर उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी उतरतो. ६ व्होल्टच्या गाड्यांत तर हा हिशेब आणखी कठोर आहे. तेवढ्याच वॉटसाठी तिथे दुप्पट प्रवाह लागतो, त्यामुळे तोच खराब जोड दुप्पट व्होल्ट खातो, आणि ते मुळातल्या निम्म्या दाबातून वजा होतात. म्हणजे टक्केवारीत नुकसान चौपट. येझदीवाल्यांचे "आमच्या गाडीला उजेडच नाही" हे गाऱ्हाणे मला म्हणूनच अर्धेच खरे वाटते. जोड स्वच्छ असतील तर ६ व्होल्टचा दिवाही गावच्या रस्त्याला पुरेसा पडतो.

मीटर नसेल तर टेस्ट लॅम्प पुरतो, किंबहुना काही कामांत तो मीटरपेक्षा बरा. इंडिकेटरचा १० वॉटचा बल्ब, होल्डर, दोन वायर आणि दोन क्लिपा एवढ्यात तो तयार होतो. मीटरला जवळजवळ प्रवाहच लागत नसल्याने तो खराब जोडातूनही पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. टेस्ट लॅम्प स्वतः वीज खातो, त्यामुळे जोड कमकुवत असेल तर तो मिणमिणून खरे सांगतो.

वायरच्या रंगांविषयी गॅरेजांतून एक सोपे सूत्र सांगितले जाते की हिरवी वायर म्हणजे अर्थिंग. होंडा घराण्यातल्या गाड्यांना ते लागू पडते, कारण त्यांत हिरवी वायर अर्थिंगची, काळी चावीनंतरच्या विजेची, निळी हाय बीमची, पांढरी लो बीमची आणि तपकिरी टेललाइटची असते. यामाहात मात्र काळी वायर अर्थिंगची, तपकिरी चावीनंतरच्या विजेची, पिवळी हाय बीमची, हिरवी लो बीमची आणि निळी टेललाइटची. स्प्लेंडरवर हात बसलेल्या माणसाने आरएक्सची हिरवी वायर चासीला जोडली तर लो बीम थेट अर्थ होतो आणि लाइट कॉइलवर नाहक ताण येतो. शिवाय जुन्या गाडीत एखादी वायर मधेच तोडून हाताला लागेल त्या रंगाचा तुकडा जोडलेला असतो, त्यामुळे रंगावर विश्वास ठेवण्याआधी ती वायर दोन्ही टोकांना एकाच रंगाची आहे ना, हे पाहून घ्यावे.

फ्यूज वारंवार जात असेल तर त्या जागी सिगारेटच्या पाकिटाची चांदी किंवा वायरची तार गुंडाळणे हा प्रकार अजूनही चालतो आणि तो मला सरळ धोकादायक वाटतो, कारण मग फ्यूजच्या ऐवजी टाकीखालचे वायरिंग जळते. शॉर्ट शोधण्याची चांगली रीत अशी आहे: फ्यूज काढून त्याच्या दोन टोकांमध्ये टेस्ट लॅम्प लावावा. शॉर्ट असेल तर लॅम्प पूर्ण तेजाने पेटतो. मग ब्रेकलाइट, हॉर्न, इंडिकेटर यांचे कपलर एकेक करून सोडवत जावे. ज्याचा कपलर सोडताच लॅम्प विझतो किंवा मंदावतो, त्या शाखेत दोष आहे. असे करताना एकही फ्यूज वाया जात नाही. वायर कातरण्याच्या ठरलेल्या जागा पाहाव्यात: स्टिअरिंगच्या गळ्याशी जिथे जुडगा रोज वळतो ती जागा, टाकीच्या पुढच्या रबराखाली, सीटच्या कडेखाली आणि मागच्या मडगार्डच्या छिद्रातून जिथे वायर बाहेर पडते तिथे. स्टिअरिंगच्या गळ्याशी वायरचे कव्हर शाबूत राहून आतली तांब्याची तारच तुटलेली असते, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. दिवा चालू ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवले तर ती लगेच सापडते.

ब्रेकलाइट आणि इंडिकेटर यांबद्दल थोडक्यात. मागच्या ब्रेकचा स्विच स्प्रिंगने ओढला जातो. ब्रेक वारंवार आवळत गेल्यावर त्याची जागा चुकते आणि दिवा एक तर लागत नाही किंवा विझतच नाही. जुळवणी करताना स्विच धरून फक्त नट फिरवावा, स्विच फिरवला तर आतल्या वायर पिळल्या जातात. इंडिकेटर लुकलुकण्याऐवजी लागून राहत असेल तर फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा भाग) बदलण्याआधी बॅटरीचा दाब आणि त्या बाजूचे दोन्ही बल्ब पाहावेत, कारण जुना फ्लॅशर ठरावीक प्रवाहावर अवलंबून असतो. एलईडी इंडिकेटर लावल्यावर हाच त्रास होतो, आणि तिथे एलईडीसाठीचा फ्लॅशर घेणे हाच सरळ उपाय आहे.

हेडलाइटमध्ये ६०/५५ वॉटचा बल्ब घालण्याच्या मोहाबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे. लाइट कॉइल ३५ वॉटच्या बल्बाच्या हिशेबाने गुंडाळलेली असते. तिच्यावर जवळजवळ दुप्पट भार टाकला तर दाब कोसळतो, आणि जास्त वॉटचा बल्ब मूळ बल्बापेक्षाही लालसर जळतो, विशेषतः गावातल्या कमी वेगात. ही गोष्ट डोळ्यांनी पाहूनही लोकांना पटत नाही, कारण पाकिटावर मोठा आकडा छापलेला असतो. त्याशिवाय डिपर स्विचची पितळी टोके आणि होल्डरचे प्लॅस्टिक एवढ्या उष्णतेसाठी बनलेले नसते; तपकिरी पडून वितळलेले होल्डर मी अनेक गाड्यांत पाहिले आहेत. त्याऐवजी रिफ्लेक्टर पाहावा. त्याचा चंदेरी थर काळवंडला किंवा सोलवटला असेल तर कोणताही बल्ब रस्त्यावर उजेड पाडू शकत नाही, आणि तो पुसून परत येत नाही; काच-रिफ्लेक्टरचा नवा संच घ्यावा.

आपल्याकडच्या पावसाचा विचार वेगळा करावा लागतो. गगनबावडा, राधानगरी या बाजूला जाणाऱ्या गाडीला चार महिने पाणी खालून-वरून लागते, आणि ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ मध्ये पंचगंगेच्या पुरात शहरातल्या असंख्य दुचाकी पाण्याखाली राहिल्या. अशा गाड्या ऑइल बदलून आणि प्लग पुसून चालू झाल्या, पण कपलरच्या आत गेलेले गढूळ पाणी तिथेच राहिले. कल्हई उडालेल्या भांड्यावर चढतो तसा हिरवा कळंक पितळी पिनांवर चढतो, आणि पुढे दोन-तीन वर्षांनी दिवे एकामागून एक कमजोर होत जातात. पुरात बुडालेली जुनी गाडी घेणाऱ्याने दिवे लागतात एवढ्यावर समाधान मानू नये. हेडलाइटच्या डब्यातले आणि सीटखालचे सगळे कपलर उघडून पाहावेत. कळंक वरवरचा असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर आणि बारीक ब्रश पुरतो. पण वायरचे कव्हर सोलल्यावर आतले तांबे काळे निघाले, तर ते जितके मागे काळे आहे तितके कापून टाकावे लागते. काळ्या तांब्याला सोल्डर धरत नाही आणि पीळ देऊन वर टेप गुंडाळलेला जोड एका पावसाळ्यापुरताच असतो. अशा वायर मोठ्या संख्येने निघाल्या तरच मी नव्या वायरिंग किटच्या बाजूने मत देईन. बॅटरी सोडवताना आधी ऋण टोक सोडवावे, नाहीतर धन टोकावरचा पाना चासीला टेकला की ठिणगी उडते.

डीसी बाजूची शेवटची मोजणी बॅटरीवरच करावी. १२ व्होल्टची भरलेली बॅटरी गाडी उभी असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, आणि चांगल्या रेग्युलेटर-रेक्टिफायरच्या गाडीत रेस दिल्यावर आकडा साधारण १३.८ ते १४.५ पर्यंत चढतो. तो चढतच नसेल तर चार्जिंग नाही. १५ च्या पुढे जात असेल तर बॅटरीचे पाणी आटेल आणि इंडिकेटरचे बल्बही टिकणार नाहीत.

उजेड परत आल्यावर हेडलाइटचा कोन तपासण्याचे काम बहुधा राहून जाते. मंद दिव्याच्या काळात दूरचे दिसावे म्हणून डबा वर उचललेला असतो, आणि तोच दिवा आता समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत घुसतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांची अपेक्षा अशी आहे की दिव्यापासून ८ मीटरवर, जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवणारा नसावा. सपाट जागी भिंतीपासून तेवढ्याच अंतरावर गाडी उभी करावी, चालवणाऱ्याने नेहमीसारखे सीटवर बसावे, दुसऱ्याने भिंतीवर हेडलाइटच्या मध्याची उंची खडूने आखावी, आणि लो बीमची वरची कड त्या रेघेच्या थोडी खाली येईपर्यंत डबा वाकवून मग दोन्ही बाजूंचे नट आवळावेत.